टीबीच्या संशयित रुग्णाला नळी घालताना स्टाफचा बचाव: लहान आयसीयूत नेमकं काय करावं?

प्रश्न | आयसीयू_सिस्टर, खानापूर तालुका

नमस्कार. वीस खाटांचा दवाखाना, त्यात चार खाटांचा आयसीयू. एक खाट काचेचं पार्टिशन टाकून वेगळी केलेली. ती खोली बारा बाय बारा फूट, उंची दहा. स्प्लिट एसी आहे, खिडकी एक, आणि पावसाळ्यात ती चार महिने बंदच असते. भूलतज्ज्ञ बेळगावहून येतात, म्हणजे ते पोचेपर्यंतची सगळी तयारी आमचीच.

छातीचा टीबी असावा असा संशय, कधी फ्लूचा न्यूमोनिया, अशा रुग्णांना श्वासासाठी घशातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते तेव्हा खोलीत पाच-सहा जण जमतात. कुणी एन-९५ घालतं, कुणी साधा मास्क. कोविडच्या वेळचा ॲक्रिलिकचा डबा स्टोअरमध्ये पडून आहे. तो काढावा का? अंबू बॅगेला (हाताने दाबून श्वास द्यायची बॅग) फिल्टर नेमका कुठे लावायचा? काम झाल्यावर किती वेळाने खोली पुसायला माणूस पाठवायचा? सक्शन (नळीतला बेडका ओढून काढणं) आणि नळी काढणं यांत धोका किती? जाणकारांनी सविस्तर सांगावं. मला इथे भिंतीवर लावायला एक कागद तयार करायचा आहे.

उत्तर १ | भूलतज्ज्ञ_बेळगाव

सिस्टर, आधी माणसं कमी करा. आत तिघं पुरेत: नळी घालणारा, औषध देणारा आणि हाताखाली साहित्य देणारा. चौथा पूर्ण संरक्षक पोशाखात दाराबाहेर उभा राहील, हाक मारल्याशिवाय आत येणार नाही. नळी घालणारा हजर असलेल्यांतला सर्वांत अनुभवी हवा. शिकाऊ हातांना अशा रुग्णावर पहिला प्रयत्न देऊ नये, कारण प्रत्येक जादा प्रयत्न म्हणजे मास्कने श्वास देण्याची आणखी एक वेळ.

जंतू बाहेर येतात ते मुख्यतः दोन वाटांनी: रुग्णाच्या खोकल्यातून आणि मास्कच्या कडेने होणाऱ्या गळतीतून. २००३ च्या सार्स साथीतल्या अभ्यासांचा आढावा २०१२ मध्ये निघाला, त्यात नळी घालण्याच्या कामात असलेल्यांना लागण होण्याची शक्यता इतरांच्या साडेसहा पट दिसली होती. कोविडच्या काळात थेट हवेतले कण मोजले गेले, तेव्हा मात्र पूर्ण शिथिल केलेल्या रुग्णात नळी घालताना खोकल्यापेक्षा कमी कण उडतात असं आढळलं. मी यातून एवढंच घेतो की रुग्ण खोकू नये आणि मास्क गळू नये, या दोन गोष्टींवर सगळी ताकद लावायची. म्हणून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा डोस कधी कमी करायचा नाही.

साठ किलोच्या माणसाचा हिशेब देतो. भुलीचं केटामाइन किलोला १ ते २ मिलिग्रॅम, दीडने धरलं तर ९० मिलिग्रॅम. मिलीला ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन असेल तर १.८ मिली. रक्तदाब आधीच खाली असेल तर याचा निम्माच डोस. स्नायू शिथिल करणारं रोक्युरोनियम किलोला १.२ मिलिग्रॅम, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. पाच मिलीच्या कुपीत ५० असतात, त्यामुळे दोन कुप्या फोडून ७.२ मिली भरून ठेवा. एका कुपीत भागवलं की औषध उशिरा आणि अर्धवट लागतं, आणि घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचं ब्लेड आत जाताच रुग्ण खोकतो. हे फार ठिकाणी होतं. कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर असतात, त्या कुठल्या कप्प्यात आहेत ते रात्रपाळीलाही ठाऊक असू द्या. रोक्युरोनियम नसेल तर सक्सिनिलकोलीन किलोला १.५. औषध गेल्यावर घड्याळात ६० सेकंद मोजायची. अंदाजाने नको.

त्याआधी ३ ते ५ मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन. मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरा, एका हाताच्या पकडीत हनुवटीच्या बाजूने हमखास गळतं. या मिनिटांत बॅग दाबायची नाही, रुग्ण स्वतःचा श्वास घेतोय. सॅच्युरेशन घसरलंच आणि बॅग द्यावी लागली, तर दोघांनी द्यायची: एकाने दोन्ही हातांनी मास्क, दुसऱ्याने बॅग. छाती जेमतेम हलेल एवढेच लहान, हलके श्वास. नळी एक-दोन प्रयत्नांत गेली नाही तर आयजेलसारखं दुसऱ्या पिढीचं घशातलं उपकरण बसवा. ते मास्कपेक्षा बरं बसतं, गळती कमी.

फिल्टरची जागा: मास्क आणि अंबू बॅगेचा व्हॉल्व्ह यांच्या मधोमध. रुग्णाने सोडलेली हवा व्हॉल्व्हच्या भोकातून खोलीत जाते, ती आधी फिल्टरमधून गेली पाहिजे. बॅगेच्या मागच्या टोकाला, ऑक्सिजनच्या बाजूला लावलेल्या फिल्टरचा काही उपयोग नाही. आणि पाकीट नीट वाचा. नुसतं ओलावा धरणारं 'एचएमई' हे फिल्टर नव्हे. 'एचएमईएफ' किंवा जंतू-विषाणू अडवणारा फिल्टर असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दोन्ही दिसायला सारखेच असतात. लहान मुलांसाठी लहान आकाराचा घ्या, मोठ्यात मृत जागा, म्हणजे सोडलेली हवा साठून पुन्हा आत जाते ती जागा, जास्त पडते.

नळी गेली की पहिला श्वास देण्याआधी नळीच्या टोकाजवळचा फुगा (इंग्रजीत 'कफ') भरायचा, मग सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) जोडायचं, मग व्हेंटिलेटर सुरू. हा क्रम उलटा झाला की पहिले चार-पाच श्वास नळीच्या कडेने सरळ तोंडावर येतात. फुग्याचा दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याइतका, मॅनोमीटरने पाहून. नळी बरोबर जागी आहे हे कॅप्नोग्राफवर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) बघा. पोशाख घालून स्टेथोस्कोप कानाला लावण्याच्या खटपटीत मास्क सरकतो. नळी आत किती घालायची ते साधारण बायकांत २१, पुरुषांत २३ सेंटीमीटर, दाताशी.

ॲक्रिलिकचा डबा काढू नका. हात अडकतात, वेळ वाढतो, कडेला बाही आणि ग्लोव्ह फाटतात, आणि डबा उचलला की आत साठलेली हवा एकदम बाहेर येते. हवा ओढून घेण्याची सोय नसलेल्या अशा डब्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेली तातडीची परवानगी ऑगस्ट २०२० मध्येच काढून घेतली. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर तो वापरा, आपला चेहरा रुग्णाच्या तोंडापासून हातभर लांब राहतो.

उत्तर २ | बायोमेडिकल_निपाणी

वरचं सगळं बरोबर, पण त्या खोलीची हवा बघा की आधी. स्प्लिट एसी बाहेरची हवा अजिबात आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. काचेचं पार्टिशन, बंद खिडकी आणि एसी म्हणजे आतल्या माणसाने सोडलेलं सगळं आतच.

हिशेब सोपा आहे. १२ × १२ × १० म्हणजे १,४४० घनफूट, सुमारे ४१ घनमीटर. अशा कामांसाठी तासाला १२ वेळा हवा बदलावी असा दंडक आहे. ४१ गुणिले १२, म्हणजे तासाला ४९० घनमीटर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा हवा. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप, पावसाचं छप्पर बसवलं की तो बराच उतरतो, म्हणून मी निम्माच धरतो. ताशी हजार घनमीटर लिहिलेला घ्या, बारा इंची पंख्यांत मिळून जातो.

बसवायचा कुठे? रुग्णाच्या डोक्यामागच्या बाहेरच्या भिंतीत, दार समोरच्या बाजूला. हवा दाराखालून आत येईल, स्टाफच्या पाठीवरून रुग्णाकडे जाईल आणि मागून बाहेर पडेल. दाराखाली अर्धा ते एक इंच फट ठेवा, नाहीतर पंखा नुसता घरघरतो, हवा ओढायला येणार कुठून? पंख्याशेजारचीच खिडकी उघडली तर मात्र तिथूनच हवा येते आणि तिथूनच जाते, खोलीतली तशीच राहते. बाहेरचं तोंड व्हरांड्यात, नातेवाईक बसतात तिकडे, किंवा दुसऱ्या खोलीच्या खिडकीकडे नको.

आपल्या भागात दोन गोष्टी हमखास बिघडतात. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीतला पंखा त्या वाऱ्यापुढे हरतो आणि उलट पाणी आत मारतो. उत्तर-पूर्वेची भिंत मिळाली तर उत्तम, नाहीतर खाली तोंड असलेलं छप्पर लावा. दुसरं म्हणजे पत्र्याच्या झडपा गंजून बंदच राहतात, पंखा फिरताना दिसतो पण बाहेर काही जात नाही. महिन्यातून एकदा बाहेर जाऊन बघा. वीज गेल्यावरही चालला पाहिजे, म्हणून त्याची लाईन व्हेंटिलेटरबरोबर जनरेटर आणि यूपीएसवर घ्या.

तपासायला उदबत्ती पुरते. दार बंद, पंखा सुरू, बाहेरून दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. एसी सुरू ठेवून एकदा, बंद ठेवून एकदा बघा. मोठ्या हॉलमध्ये किंवा शेजारच्या बाथरूममध्ये याहून जोरदार एक्झॉस्ट असेल तर धूर उलटा बाहेर येतो, तेव्हा तो पंखा त्या वेळेपुरता बंद करायचा. ही चाचणी दर आठवड्याला, वहीत तारीख टाकून.

पुसायला कधी जायचं ते यावरूनच ठरतं. तासाला १२ बदल असतील तर हवेतले ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं लागतात. ६ बदल असतील तर ४६. आणि २ बदल, म्हणजे तुमची आत्ताची खोली फार तर एवढ्यावर असेल, तर १३८ मिनिटं. हे आकडे हवा खोलीभर नीट मिसळते असं धरून आहेत, कोपऱ्यात कोंडली तर जास्त लागतात. आज पंखा नसेल तर दोन-अडीच तास त्या खोलीत एन-९५ शिवाय कुणी जाऊ नये. यात एक गोष्ट विसरायची नाही: रुग्ण खोलीतच आणि खोकत असेल तर ही मोजणी सुरूच होत नाही. नळी घातली, फुगा भरला, सर्किट बंद झालं, तिथून घड्याळ लावा.

ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन करूया असं कुणी सुचवलं तर सांभाळून. तिथे हवेचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, दार उघडलं की आतली हवा कॉरिडॉरमध्ये येते.

उत्तर ३ | संसर्गनियंत्रण_चिकोडी

ताई, मास्कबद्दल लिहिते, कारण घोटाळा तिथेच जास्त होतो.

एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडवणारा. पण तो आकडा कापडाचा आहे, कडेने येणाऱ्या हवेचा नाही. कानात अडकवायचे मास्क या कामाला घेऊ नका, डोक्याला दोन पट्टे असलेलाच घ्या. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा मानेवर. आपल्या मुली खालचा पट्टा अंबाड्यावरून घेतात, तो वर सरकतो आणि हनुवटीखाली फट पडते. अंबाड्याखालून घ्यायचा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, एका हाताने चिमटा काढला की मधे टोक येतं. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे वारा लागता कामा नये. गॉगलवर वाफ येत असेल तर मास्क नाकाशी गळतोय, गॉगलला साबण लावून उपयोग नाही. पुरुष स्टाफला दाढी काढायला सांगा, दोन दिवसांचे खुंटही पुरतात मास्क उचलून धरायला.

वर्षातून एकदा फिट टेस्ट करा. डोक्यावर हूड, आत कडू चवीच्या बिट्रेक्सचा किंवा सॅकरीनचा फवारा. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास, प्रत्येकी एक मिनिट. चव लागली की तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही, दुसरा आकार द्या. कुणाला कुठला बसला ते नाव-आकार लिहून पोशाखाच्या कपाटावर चिकटवा. आणीबाणीत शोधाशोध होत नाही.

टीबी वॉर्डातल्या रोजच्या कामाला एकच एन-९५ त्याच माणसाने पुन्हा वापरला तर चालतो, कागदी पिशवीत नाव घालून ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुकत नाही, पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशी ओलाच हाती येतो. पण नळी घालणं, उघडं सक्शन, ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं) यांनंतर तो मास्क टाकून द्या. ओला झाला, शिंतोडा उडाला, पट्टा सैल पडला तरी टाका. धुऊ नका, स्पिरिट मारू नका. कण धरून ठेवणारा विद्युतभार स्पिरिटने उतरतो, दिसायला मास्क तसाच राहतो.

अंगभर झाकणाऱ्या सूटचा हट्ट नको. लांब बाह्यांचा पाणी न शोषणारा गाऊन, ग्लोव्हज, एन-९५, गॉगल किंवा फेसशील्ड पुरे. गाऊन पातळ असेल तर वरून प्लॅस्टिकचा एप्रन. सूट काढताना बाहेरची बाजू मान-चेहऱ्याला लागते, आणि काढण्याच्या वेळीच माणूस थकलेला, घाईत असतो. क्रम असा: ग्लोव्हज, हात साफ, गॉगल मागून धरून, गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, हात साफ. एन-९५ सगळ्यांत शेवटी, खोलीबाहेर येऊन दार बंद केल्यावर, आधी खालचा पट्टा मग वरचा, पुढच्या भागाला हात न लावता. पुन्हा हात. समोर एकाने उभं राहून क्रम मोठ्याने वाचावा.

कचरा: मास्क, टोपी, कापडी किंवा अर्धप्लॅस्टिक गाऊन पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज, फेसशील्ड, प्लॅस्टिक एप्रन, नळी, सक्शन कॅथेटर लाल पिशवीत. सुया पांढऱ्या डब्यात, फोडलेल्या काचेच्या कुप्या निळ्यात.

पुसायला सोडियम हायपोक्लोराइट. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी म्हणजे १ टक्का, हे रक्त किंवा थुंकी सांडली असेल तिथे, १० मिनिटं ठेवून. १० टक्क्यांचा असेल तर एकास नऊ. साध्या पृष्ठभागाला ०.१ टक्का पुरे. रोज सकाळी ताजं करा, कालचं ओतून द्या. ॲसिडशी कधी मिसळू नका, विषारी वायू होतो. लॅरिंगोस्कोपचं ब्लेड यात बुडवू नका, गंजतं. ते साबण-पाण्याने घासून २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये २० मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन.

प्रतिप्रश्न | आयसीयू_सिस्टर, खानापूर तालुका

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. सक्शन आणि नळी काढणं. आणि आमचे निम्मे लोक कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. मास्कमधून बोललेलं कळत नाही.

उत्तर ४ | भूलतज्ज्ञ_बेळगाव

सक्शनसाठी बंद पद्धतीचं कॅथेटर लावा, नळीला कायम जोडलेलं असतं, सर्किट सुटत नाही. महाग वाटतं, पण रुग्ण चार दिवस नळीवर राहणार असेल तर तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. सर्किट सोडावंच लागलं तर आधी व्हेंटिलेटर स्टँडबायला, श्वास सोडून झाल्यावर नळीला क्लॅम्प, मग सोडायचं. फिल्टर रुग्णाच्या बाजूला राहू द्या, त्याच्या पलीकडे सोडा. आर्टरी फोर्सेप्स लावताना खाली गॉझची घडी घ्या, फोर्सेप्सचे दात नळीला भोक पाडतात. तारेच्या नळीला क्लॅम्प नको, चेपलेली तार पुन्हा उघडत नाही. व्हेंटिलेटरच्या श्वास बाहेर सोडण्याच्या भोकाशीही एक फिल्टर लावा. फिल्टर ओलावल्यावर व्हेंटिलेटरवर दिसणारा श्वासाचा वरचा दाब वाढायला लागतो. असा दाब वाढला की नळीत कफ अडकला म्हणून सक्शन करत बसण्याआधी फिल्टर बदलून बघा.

नळी काढताना खोकला जवळजवळ नक्की, म्हणून हे काम घालण्याइतक्याच तयारीने करा. आत दोघंच, दोघंही एन-९५ मध्ये, पंखा सुरू. तोंड आणि नळी आधी साफ. उलटीचं औषध आधी. लिग्नोकेन शिरेतून किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम दिलं तर खोकला कमी होतो. "जोरात खोका" असं सांगायचं नाही. काढणाऱ्याने डोक्यामागे किंवा बाजूला उभं राहायचं, पायाकडे नाही. नळी निघताक्षणी ऑक्सिजन मास्क, त्यावर साधा सर्जिकल मास्क. वाफारा टाळा, दम्याचं औषध स्पेसरमधून पंपाने द्या.

हृदय थांबलं तर छाती दाबणं लगेच सुरू करा, पण मास्कवर फिल्टर असू द्या, आणि नळी घालतानाचे काही सेकंद दाबणं थांबवा.

आता शब्द. "कफ भरला" हे वाक्य कागदावरून काढाच. आपल्याला म्हणायचा असतो नळीचा फुगा, पण मराठीत आणि कन्नडमध्येही कफ म्हणजे बेडका, ऐकणारा सक्शन उचलतो आणि फुगा रिकामाच राहतो. त्याऐवजी "बलून" म्हणा, दोन्हीकडे कळतं. "बलून, क्लॅम्प, स्टँडबाय, फिल्टर, थांब" एवढे पाच शब्द ठरवा, आणि प्रत्येकाला एक हाताची खूण: बलूनला मूठ, क्लॅम्पला दोन बोटं. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच हात चालवायचा. कागदावर शब्द मोठ्या अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत.

उत्तर ५ | छातीविकार_बेळगाव

एक भर. कोण कुठल्या रुग्णाजवळ होतं, कुठल्या मास्कमध्ये, किती वेळ, हे त्याच दिवशी वहीत लिहा. नंतर आठवत नाही. टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला नळीतून घेतलेला नमुना लगेच पाठवा, निदान उशिरा झालं की स्टाफ तेवढे दिवस अंदाजावर राहतो. टीबी निघाला तर त्या यादीतल्या प्रत्येकाला खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम या चार गोष्टी विचारत राहा, महिनोन् महिने, कारण लागण लगेच दिसत नाही. काही वाटलं की छातीचा फोटो आणि थुंकी. गर्भवती किंवा मधुमेह असलेल्या सिस्टरला या कामाला लावू नका. फ्लूची लस सगळ्या स्टाफला दरवर्षी पावसाळ्याआधी.

घसा सुजलेलं मूल आणि घशात राखाडी पडदा दिसला तर घटसर्प धरूनच चाला. तिथे नळी घालताना पडदा सुटून खाली अडकतो, म्हणून गळ्याला छेद देण्याची तयारी आणि ते करणारा माणूस समोर असल्याशिवाय सुरुवात नको. मास्क आणि फेसशील्ड तसंच. जवळ असलेल्यांचा घशाचा स्वॅब, एरिथ्रोमायसिन ७ ते १० दिवस, आणि टीडीची (धनुर्वात-घटसर्प) शेवटची लस पाच वर्षांहून जुनी असेल तर पुन्हा एक.

बेळगावला पाठवायचं ठरलं तर १०८ च्या गाडीत चालकाच्या केबिनमधली खिडकी बंद, मागच्या खिडक्या उघड्या, एसी आतली हवा फिरवण्यावर नको. गाडी हलण्याआधी सर्किटचा प्रत्येक जोड हाताने दाबून बघा आणि नळीची पट्टी पुन्हा घट्ट करा. रस्त्यावरच्या खड्ड्यात जोड सुटला तर बंद गाडीत सगळ्यांच्या तोंडावर येतं, आणि तिथे बाहेर जायला जागा नसते. क्लॅम्प नळीशेजारी उशीवरच ठेवा, पेटीत नाही.